पुडीवरचे वचन आणि त्याचा जामीनदार

परभणी जिल्ह्याच्या काळ्या कसदार जमिनीत पिकलेली तूर एका शेतकऱ्याने युरियाच्या आणि फवाऱ्याच्या आधाराने वाढविलेली असो, किंवा दुसऱ्याने शेणखत, जीवामृत व निंबोळी अर्क यांच्यावर वर्षानुवर्षे निष्ठेने जोपासलेल्या रानात घेतलेली असो, मोंढ्यात ती शेजारी शेजारी ओतली म्हणजे मुरलेल्या आडत्यालाही दाणा तळहातावर घेऊन त्यांतली कोणती कोणाची हे सांगता येत नाही. भेसळीच्या बहुतेक प्रकारांत पदार्थ स्वतःच आपल्याविरुद्ध साक्ष देतो. दुधात मिसळलेले पाणी, तिखटात घातलेला रंग, डाळीत कालवलेली दुसरी डाळ, ही सारी प्रयोगशाळेच्या मेजावर उघडी पडतात. सेंद्रियतेच्या बाबतीत मात्र दाणा मुका असतो, कारण तो दावा त्याच्या घटकांविषयी केलेला नसून त्याच्या पूर्वायुष्याविषयी केलेला असतो: तो कोणत्या रानात उगवला, त्या रानात त्यापूर्वी दोन-तीन हंगाम काय टाकले गेले, बांधापलीकडच्या शेतातून काय वाहत आले, आणि खळ्यापासून दुकानापर्यंत तो कोणत्या गोदामात कोणत्या पोत्यांच्या संगतीत राहिला. ज्या गोष्टीची परीक्षा विकत घेणाऱ्याला करताच येत नाही, त्या गोष्टीसाठी तो अधिक दाम मोजतो, तो केवळ पुडीवर छापलेल्या वचनावर विश्वास ठेवून. आणि म्हणून त्या वचनाचा जामीनदार कोण, हा प्रश्न या प्रकरणाचा विषय आहे.

परभणीच्या संदर्भात हा प्रश्न आडबाजूचा नाही. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणारे मराठवाड्याचे कृषी विद्यापीठ याच शहरात आहे, आणि त्या विद्यापीठाचे सेंद्रिय शेती संशोधन व प्रशिक्षण केंद्र या भागातील शेतकऱ्यांना त्या पद्धतीचे रीतसर शिक्षण देत आले आहे. केंद्र शासनाच्या परंपरागत कृषी विकास योजनेने २०१५-१६ पासून गट बांधून सेंद्रिय शेती करण्यास उत्तेजन दिले. विदर्भात २०१८ च्या सुमारास सुरू झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाच्या अभियानाचा विस्तारही पुढे राज्यभर झाला. जिंतूरपासून गंगाखेड-पालमपर्यंत तूर, मूग, ज्वारी, करडई, हळद आणि ऊस पिकविणारा जो शेतकरी या मार्गाने जातो, त्याला पहिली काही वर्षे उत्पन्नाची घट सोसावी लागते, तणांशी हाताने झुंजावे लागते, आणि त्या सोसण्याची भरपाई अखेरीस मिळायची ती बाजारातल्या वाढीव भावानेच. तो वाढीव भाव जेव्हा खोटी पुडी विकणारा व्यापारी घेऊन जातो, तेव्हा फसवणूक दुहेरी होते. खाणारा फसतो हे सर्वांना दिसते. परंतु ज्याने खरोखर कष्ट केले त्याची बाजारपेठ बुडते, आणि त्याला कोणी फिर्यादी म्हणून विचारीतही नाही. माझ्या मते या दोघांत अधिक मोठे नुकसान दुसऱ्याचे आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याच्या कलम २२ ने सेंद्रिय अन्नाला एका वेगळ्या वर्गात बसविले, आणि विनिर्दिष्ट सेंद्रिय उत्पादनमानकांनुसार जे उत्पादित झाले तेच सेंद्रिय अन्न, अशी त्याची व्याख्या केली. तथापि ही मानके कोणती हे ठरविणारे विनियम यावयास अकरा वर्षांहून अधिक काळ लागला. सेंद्रिय अन्नाविषयीचे विनियम २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले आणि १ जुलै २०१८ पासून त्यांचा अंमल सुरू झाला. त्या दिवसापासून भारतात कोणालाही आपल्या मनाने पुडीवर ‘सेंद्रिय’ असे छापण्याची मुभा राहिलेली नाही. दोनच दरवाजे खुले आहेत. पहिला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचा, जो मुळात २००० साली निर्यातीच्या गरजेतून निर्माण झाला, ज्याचा कारभार अपेडा ही संस्था पाहते आणि ज्यात मान्यताप्राप्त प्रमाणीकरण संस्थेचा निरीक्षक शेताची तपासणी करून दाखला देतो. दुसरा सहभाग हमी पद्धतीचा, ज्यात किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या रानांची पाहणी करून एकमेकांची हमी घेतो. पहिल्या मार्गात हंगामी पिकांसाठी साधारण दोन वर्षांचा आणि फळबागांसारख्या बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षांचा रूपांतरकाळ पाळावा लागतो. त्या काळात रान सेंद्रिय पद्धतीने कसले जात असले तरी माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. पुडीवर ‘जैविक भारत’ हे चिन्ह, प्रमाणपत्राचा तपशील आणि मालाचा माग थेट उत्पादकापर्यंत काढता येईल अशी नोंद असावी लागते. आणि दुकानदाराने असा माल इतर मालापासून वेगळा ओळखू येईल अशा रीतीने मांडावा, असाही दंडक आहे.

या विनियमांतील एक तरतूद परभणीसारख्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाची आहे. वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपेक्षा अधिक नाही असा लहान मूळ उत्पादक, किंवा तशीच उत्पादकांची संघटना, आपला माल थेट अंतिम ग्राहकाला विकत असेल, तर त्यांना प्रमाणीकरणाच्या अटीतून सूट आहे. मात्र ‘जैविक भारत’ चिन्ह त्यांना वापरता येत नाही. आठवडी बाजारात स्वतःच्या रानातील मूग घेऊन बसलेल्या शेतकऱ्याला दाखल्याचा खर्च परवडणार नाही, हे ओळखून ठेवलेली ही वाट न्याय्य आहे. परंतु ती वाट मूळ उत्पादकापुरतीच आहे. त्याच शेतकऱ्याचा मूग एखाद्या दुकानदाराने विकत घेऊन ‘शेतकऱ्याकडून थेट’ अशी पाटी लावून विकला, की सूट संपली आणि दाखल्याची जबाबदारी सुरू झाली. सवलत माणसाला दिलेली आहे, मालाला नव्हे. आणि ती मालाबरोबर हस्तांतरित होते असा जो समज अनेक ठिकाणी आढळतो, तो साफ चुकीचा आहे.

प्रयोगशाळेविषयी लोकांच्या मनात जी श्रद्धा असते, तिच्याबद्दल येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. सेंद्रिय अन्नात कीटकनाशकांचे अवशेष किती चालतील याचीही मर्यादा विनियमांत आहे: सामान्य अन्नासाठी ठरविलेल्या कमाल मर्यादेच्या पाच टक्के, किंवा उपकरणाला मोजता येईल ती किमान पातळी, यांपैकी जी अधिक असेल ती. ही मर्यादा उपयुक्त आहे, पण तिच्या निष्कर्षातून दोन्ही बाजूंनी गफलत होऊ शकते. ज्या पिकावर मुळात फवारणीची वेळच आली नाही, पण ज्याच्या मुळाशी रासायनिक खत मुबलक ओतले गेले, त्याचा अहवाल निर्मळ येईल, आणि तरीही ते सेंद्रिय ठरणार नाही. उलटपक्षी एखाद्या प्रामाणिक शेतकऱ्याच्या तुरीला लागून शेजाऱ्याचे कापसाचे रान असेल, मध्ये हातभर बांध असेल आणि फवारणीच्या दिवशी वारा त्याच्या बाजूने वाहत असेल, तर त्याच्या मालात परक्याच्या औषधाचा अंश सापडेल, आणि त्याच्या हातून कपट घडलेले नसताही संशय त्याच्यावर येईल. म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल हा पुराव्याचा एक भाग आहे; खरा पुरावा दस्तऐवजांत असतो. शेताची नोंदवही, निविष्ठांच्या पावत्या, गटाच्या पाहणीचे अहवाल, तपासनिसाचा दाखला, आणि विशेषतः परिमाणांचा मेळ. ज्या गटाच्या सातबाऱ्यांवर मिळून चाळीस एकर तूर आहे, त्या गटाच्या नावाने शंभर एकरांची डाळ बाजारात आली असेल, तर ती बनावट आहे हे सिद्ध करावयास रसायनशास्त्राची गरज नाही, त्रैराशिक पुरते.

जबाबदारी कोणाची, या मुख्य प्रश्नाकडे वळताना, माल ज्या ज्या हातांतून जातो ते हात क्रमाने पाहिले पाहिजेत. समजा, सेलू तालुक्यातील एका शेतकऱ्याने आपली तूर मोंढ्यात आणली, आडत्यामार्फत ती एका डाळमिलने घेतली, मिलने डाळ करून ती एका पॅकिंगवाल्याला दिली, त्याने ‘सेंद्रिय तूरडाळ’ अशी छापील पुडी केली आणि परभणी शहरातील किराणा दुकानात ती विक्रीस ठेवली. यांत पहिला हात जो शेतकरी, त्याच्याविषयी कायद्याची भूमिका अनेकांना ठाऊक नसते. अधिनियमाच्या कलम १८ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की शेतकरी, त्याची शेतकामे आणि शेतपातळीवरील त्याचे उत्पादन यांना हा कायदा लागू नाही. आणि व्याख्येच्या कलमात प्राथमिक अन्नाची जी व्याख्या आहे तिच्यानुसार नैसर्गिक स्वरूपातील शेतमाल हा शेतकऱ्याखेरीज अन्य व्यक्तीच्या हातात गेल्यावरच ‘अन्न’ या संज्ञेत येतो. म्हणजे मोंढ्यात तुरीचे पोते उतरविणारा शेतकरी या अधिनियमाच्या कक्षेबाहेर आहे. त्याने आडत्याला आपला माल सेंद्रिय असल्याचे खोटे सांगून जादा भाव उकळला, तर तो करारभंगाचा किंवा फसवणुकीचा विषय होईल, अन्नकायद्याचा नव्हे. मात्र त्याच शेतकऱ्याने किंवा त्याच्या शेतकरी उत्पादक कंपनीने स्वतःची डाळ भरडून, पिशव्यांत भरून, त्यांवर छाप मारून बाजार मांडला, की तो अन्न व्यावसायिक झाला आणि त्या नात्याची सर्व बंधने त्याच्यावर आली. कंपनी असल्यास कलम ६६ अन्वये तिचा कारभार पाहणारी व्यक्तीही उत्तरदायी ठरते. शेतकरी कंपन्यांच्या उत्साही तरुण संचालकांनी हे कलम एकदा तरी सावकाश वाचावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

त्यापुढील प्रत्येक हाताविषयी कायद्याची रचना अत्यंत विचारपूर्वक केलेली आहे, आणि तिचा आधार एका साध्या कागदावर आहे. कलम २६ सांगते की कोणत्याही अन्न व्यावसायिकाने पुढच्या विक्रेत्याला माल देताना त्याच्या स्वरूपाची लेखी हमी दिलीच पाहिजे. आणि लगेच पुढे असेही सांगते की बिल, रोखपावती किंवा बीजक हेच अशी हमी समजले जाईल. या एका वाक्याने बाजारातील प्रत्येक पावतीला हमीपत्राचा दर्जा मिळाला. डाळमिलच्या बिलावर ‘सेंद्रिय तूरडाळ’ असे लिहिले असेल, तर ते केवळ हिशेबाचे टिपण राहत नाही. मिलने पॅकिंगवाल्याला दिलेले ते कायदेशीर वचन होते, आणि पॅकिंगवाल्याने दुकानदाराला दिलेले बिल हे दुसरे वचन. ज्या बिलावर नुसते ‘तूरडाळ’ आहे, पण ज्याच्या आधारे पुडी मात्र ‘सेंद्रिय’ म्हणून छापली गेली, तेथे खोटेपणाचा जन्म कोणत्या पेढीत झाला हे निश्चित करण्यास तपास अधिकाऱ्याला फार वेळ लागू नये.

कलम २७ हे या साखळीचे दुसरे टोक. उत्पादक, पॅकिंग करणारा, घाऊक व्यापारी, वितरक आणि किरकोळ विक्रेता या प्रत्येकाची जबाबदारी त्यात स्वतंत्रपणे सांगितली आहे. आणि विक्रेत्यापुरते पाहिले तर मिथ्याछाप माल विकणारा, तसाच ज्याच्याकडून माल घेतला त्याचे नाव-गाव सांगू न शकणारा, असे दोघेही कसूरवार ठरतात. ‘मला काय ठाऊक, आले तसे विकले’ हे उत्तर भारतीय अन्नकायद्याने फार पूर्वीच नाकारले आहे. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक अधिनियमाखाली १९६१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सरजूप्रसाद याचा खटला आला होता. मोहरीचे भेसळयुक्त तेल विकणारा तो मालक नव्हता, दुकानावरचा नोकर होता, आणि भेसळीची आपल्याला माहिती नव्हती असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की विक्री ज्याच्या हातून झाली तो, त्याला ज्ञान असो वा नसो, कायद्याच्या कक्षेतून सुटत नाही. आजच्या अधिनियमाने या कठोरपणाला एक उचित मर्यादा घातली आहे. कलम ८० अन्वये, आपण सर्व वाजवी दक्षता घेतली होती, पुरवठादाराने दिलेल्या माहितीवर विसंबणे त्या परिस्थितीत रास्त होते, आणि संशयास जागा नव्हती, असे सिद्ध करणाऱ्याला बचाव उपलब्ध आहे. परंतु सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर आहे. ज्या किराणा दुकानदाराने पुडीवरील प्रमाणपत्राचा क्रमांक कधी वाचला नाही, पक्के बिल मागितले नाही, आणि बाजारभावाशी मुळीच न जुळणाऱ्या स्वस्त दरात ‘सेंद्रिय’ माल कसा मिळतो अशी पृच्छाही केली नाही, त्याने दक्षता घेतली होती असे कोणता न्यायनिर्णय अधिकारी मान्य करील?

फसवणुकीच्या हेतूवाचून होणाऱ्या खोटेपणाचा एक प्रकार मराठवाड्यात व पश्चिम महाराष्ट्रात सर्रास दिसतो, तो गुळाचा. गुऱ्हाळात रसाची मळी काढण्यासाठी रसायनाऐवजी भेंडीचा चिकट रस वापरला, की त्या गुळाला ‘सेंद्रिय गूळ’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ज्या उसाचा तो गूळ, तो ऊस रासायनिक खतांच्या मात्रांवर पोसला गेला असला तरी बनविणाऱ्याला त्यात विसंगती वाटत नाही, कारण त्याच्या मनात सेंद्रियता कढईपाशी सुरू होते. कायद्याच्या दृष्टीने ती सरीपाशी, किंबहुना उसाच्या आधीच्या हंगामापाशी सुरू होते. असा गूळ रसायनाविना शुद्ध केलेला आहे असे खरे खरे लिहिण्यास हरकत नाही. ‘सेंद्रिय’ लिहिणे मात्र मिथ्याछाप आहे. लाकडी घाण्यावरच्या करडई तेलाचीही हीच कथा. घाण्याची पद्धत उत्तम असेल, पण बी कोठल्या रानातले आहे याचा दाखला नसेल, तर घाण्याच्या पुण्याईने बी सेंद्रिय होत नाही. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’ हे शब्द वापरले म्हणजे आपण सुटलो, असे मानणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की जाहिराती व दाव्यांविषयीचे २०१८ चे विनियम, जे १ जुलै २०१९ पासून लागू झाले, त्यांनी या शब्दांच्या वापरालाही अटी घातल्या आहेत.

शिक्षेचा भाग आता पाहू. खोटा सेंद्रिय माल बहुधा खाण्यास अपायकारक नसतो, म्हणून असुरक्षित अन्नासाठी असलेल्या कारावासाच्या कलमाखाली तो येत नाही. तो द्रव्यदंडाच्या कलमांखाली येतो. मिथ्याछाप अन्नासाठी कलम ५२ अन्वये ३ लाख रुपयांपर्यंत, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कलम ५३ अन्वये १० लाख रुपयांपर्यंत, आणि ग्राहकाने मागितलेल्या स्वरूपाचा, घटकाचा वा दर्जाचा नसलेला माल विकल्याबद्दल कलम ५० अन्वये ५ लाख रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. केवळ नोंदणीवर चालणाऱ्या लहान व्यावसायिकास या शेवटच्या कलमात २५ हजारांची मर्यादा आहे. कलम ५० ची शब्दरचना इंग्लंडच्या १८७५ च्या अन्न व औषध विक्री कायद्याच्या घराण्यातली आहे, आणि आपल्या विषयाला ती जितकी चपखल बसते तितके दुसरे कोणतेच कलम बसत नाही, कारण सेंद्रिय माल मागणाऱ्याला साधा माल देणे म्हणजे नेमके मागितलेल्या दर्जाचे न देणे होय. शास्तीची रक्कम ठरविताना मिळविलेला नफा, झालेले नुकसान, कृत्याची पुनरावृत्ती आणि अजाणता घडले की कसे, या गोष्टी कलम ४९ प्रमाणे विचारात घ्याव्या लागतात. अपर जिल्हादंडाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी हा निर्णय करतो. त्यावर अपील अन्न सुरक्षा न्यायाधिकरणाकडे आणि पुढे आपल्याकडे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जाते. आणि दंड भरला नाही तर तो जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होतो व तोवर परवाना निलंबित राहतो.

मग अशा माणसावर फौजदारी खटला होऊच शकत नाही काय? होऊ शकतो, असे माझे मत आहे, आणि या मताला आधार देणारी न्यायनिर्णयांची वाट आपल्याच खंडपीठातून गेलेली आहे. महाराष्ट्रातील गुटखाबंदीच्या प्रकरणांत, अन्नकायद्याखाली कारवाई असताना दंडसंहितेखाली गुन्हा नोंदता येतो की नाही, हा वाद औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०१८ साली सय्यद हसन याच्या प्रकरणात त्या न्यायालयाने दोन्ही कायद्यांखाली कारवाई शक्य असल्याचे सांगितले. २०२४ च्या फेब्रुवारीत रामनाथ प्रकरणात त्याच न्यायालयाने मात्र दंडसंहितेच्या अन्नभेसळीच्या कलमांपुरते अन्नकायदाच सर्वोपरी राहील असा निर्णय दिला. हा दुसरा निर्णय भेसळीच्या कलमांविषयी आहे. अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याकडून पैसा काढून घेणे हा फसवणुकीचा अपराध त्याहून निराळा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये सात वर्षांपर्यंतच्या कारावासासह समाविष्ट आहे. माल ज्यात भरला त्या वेष्टनावर त्याच्या दर्जाविषयी खोटी खूण करणे हादेखील १८६० च्या दंडसंहितेपासून चालत आलेला स्वतंत्र अपराध आहे. शिवाय १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमानुसार मालाला खोटे व्यापारी वर्णन लावणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कायद्याच्या कोठारात हत्यारे आहेत. ती काढून वापरणारा हात हवा.

कापसाचा विषय सोडून परभणीतल्या मालाविषयी लिहिणे अपुरे होईल. मानवत आणि सेलू या कापसाच्या जुन्या पेठा. परंतु रुई हे अन्न नव्हे, म्हणून वर सांगितलेली अन्नकायद्याची सारी यंत्रणा तिला लागू होत नाही. तेथे राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रम, परदेशी व्यापाराचा १९९२ चा अधिनियम, खाजगी आंतरराष्ट्रीय मानके आणि करार यांवरच भिस्त आहे. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर देशातील बहुतेक क्षेत्र त्या वाणांखाली गेले, आणि सेंद्रिय मानकांना जनुकसंस्कारित बियाणे वर्ज्य असल्यामुळे खऱ्या सेंद्रिय कापसाचे बी मिळविणे हेच एक दिव्य होऊन बसले. परभणीच्या महेबूब बाग येथील संशोधन केंद्राने जोपासलेल्या देशी कापसाच्या वाणांचे मोल या दृष्टीने फार मोठे आहे. एवढे असूनही भारतातून सेंद्रिय म्हणून जाणारी रुई वाढतच होती. आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सेंद्रिय वस्त्रांचे जागतिक मानक सांभाळणाऱ्या संस्थेने जाहीर केले की भारतातील सुमारे २० हजार टन कापूस बनावट व्यवहार-दाखल्यांच्या आधारे सेंद्रिय म्हणून दाखविला गेला होता. त्या संस्थेने अकरा कंपन्यांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेने भारताच्या प्रमाणीकरण व्यवस्थेला दिलेली मान्यता काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. त्या निर्णयाची किंमत ज्यांनी कधी खोटी पुडी बांधली नाही, अशा शेतकऱ्यांनाही मोजावी लागली.

त्याच अमेरिकेत मिसूरी राज्यातील रँडी कॉन्स्टंट या धान्य व्यापाऱ्याने २०१० ते २०१७ या काळात साधा मका व सोयाबीन सेंद्रिय म्हणून विकला. त्या धान्याची किंमत १४ कोटी डॉलरांहून अधिक होती. ऑगस्ट २०१९ मध्ये न्यायालयाने त्याला दहा वर्षांहून अधिक कारावास ठोठावला आणि लाभाची रक्कम जप्त करण्याचा हुकूम दिला. आपल्याकडे त्याच स्वरूपाच्या कृत्याला अन्नकायद्याखाली ३ लाख, ५ लाख, १० लाख अशी अचल कमाल मर्यादा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, जातिवंत नसलेली वस्तू जातिवंत म्हणून विकणाऱ्यास तिच्या किमतीच्या आठपट दंड सांगितला आहे, आणि परदेशी व्यापाराच्या आपल्या विद्यमान अधिनियमातही मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे दंड मालाच्या मूल्याशी जोडण्याचे तत्त्व आपल्याला अपरिचित नाही; अन्नाच्या कायद्याने मात्र ते स्वीकारलेले नाही. गंगाखेडच्या एखाद्या बचत गटाला २५ हजारांचा दंड त्याचे भांडवल संपविणारा ठरेल, आणि वर्षाला कोट्यवधींची उलाढाल करणारी पेढी ३ लाखांचा दंड धंद्याच्या खर्चात मांडून टाकील. हा कायद्याचा दोष आहे, आणि दंडाची मर्यादा विकलेल्या मालाच्या किमतीच्या पटीत ठरविणारी दुरुस्ती झाल्यावाचून तो दूर होणार नाही.

ग्राहकाच्या हाती जो उपाय आहे तो याहून सुलभ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाप्रमाणे मालाच्या दर्जाविषयी खोटे निवेदन करणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. परभणीत राहणाऱ्या माणसाने माल मुंबईच्या पेढीकडून घरपोच मागविला असला तरी त्याला परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेच दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. आयोग माल तपासणीस पाठवू शकतो, पैसे परत देण्याचा आणि भरपाईचा हुकूम करू शकतो, आणि खोटी जाहिरात खोडून काढणारी दुसरी जाहिरात विक्रेत्याच्या खर्चाने द्यावयास लावू शकतो. देशभर चालणाऱ्या दिशाभुलीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला १० लाखांपर्यंत, पुनरावृत्ती झाल्यास ५० लाखांपर्यंत दंडाचा अधिकार आहे. अन्नकायद्याच्या कलम ४० ने तर प्रत्येक खरेदीदाराला, खरेदीच्या वेळी विक्रेत्यास तसे सांगून, शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेण्याचा हक्क दिला आहे, आणि कसूर आढळल्यास ते शुल्क परत मिळते. हा हक्क बजावणारे नागरिक फारसे आढळत नाहीत याचे मला मनापासून वाईट वाटते.

तेव्हा वाचकांना एवढेच सांगणे आहे की ‘सेंद्रिय’ म्हणून जास्त दाम देताना पुडीवर ‘जैविक भारत’ चिन्ह व प्रमाणपत्राचा क्रमांक आहे की नाही ते पाहावे. शेतकऱ्याकडून थेट घेत असाल तर त्याचे गाव, त्याचे रान आणि त्याची पद्धत आपुलकीने विचारावी. दुकानातून घेतल्यास ‘सेंद्रिय’ हा शब्द लिहिलेले पक्के बिल मागावे, कारण लेखी कागदावाचून साखळीतला कसूरवार हात शोधणे अवघड होते. पुडीचे वेष्टन माल संपेपर्यंत टाकू नये. आणि संशयास जागा असल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या परभणी येथील कार्यालयाकडे विनाविलंब, व जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांची मुदत उलटण्यापूर्वी, लेखी तक्रार गुदरावी.